बोल्टचा नंबर

थ्री नॉट थ्री हे शब्द आमच्या पिढीच्या कानावरून इतक्या वेळा गेले आहेत की तो मुळात एक आकडा आहे, हेच विसरायला होतं. नळीचा आतला व्यास ०.३०३ इंच, म्हणजे साधारण ७.७ मिलिमीटर. एवढाच त्याचा अर्थ. ट्रेझरीवरचा पहारेकरी, स्वातंत्र्यदिनाच्या सलामीची तुकडी, निवडणुकीच्या रात्री शाळेच्या व्हरांड्यात मतपेट्यांजवळ बसलेला शिपाई... या सगळ्यांच्या खांद्याला ती असायची. आम्ही मास्तर मंडळी निवडणुकीच्या ड्युटीवर तिच्या शेजारी सतरंजी टाकून झोपलेलो आहोत!

परवा आमच्या नातवाशी बोलणं चाललं होतं. तो मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आहे. जुन्या रायफलींचा विषय निघाला तेव्हा तो सहज म्हणाला, "आजोबा, बोल्ट झिजला तर दुसरा टाकायचा. त्यात काय एवढं?" आजकाल मोबाइलपासून मोटारसायकलपर्यंत सगळं असंच चालतं, त्यामुळे त्याचं म्हणणं चूक आहे असं नाही. पण थ्री नॉट थ्रीच्या बाबतीत ते खरं नव्हतं. ते का खरं नव्हतं, आणि त्यावरून माझ्या एका विद्यार्थ्याची नोकरी कशी पणाला लागली होती, ते आज लिहितो.

मी खामगावला कॉलेजात गेलो ते १९६८ साल. १९६२ च्या चीनच्या युद्धानंतर कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली होती. ती सक्ती त्याच सुमारास उठली, पण मी हौसेनं नाव घातलं. आमच्या उस्तादांनी रायफल हातात देताना पहिली गोष्ट शिकवली, ती नेम धरायची नव्हे. "राइफल का नंबर पढ़ो. अब बोल्ट का नंबर पढ़ो. दोनों एक हैं?" रायफलीच्या मुख्य धडावर, ज्याला बॉडी म्हणतात, एक नंबर ठोकलेला असतो. तोच नंबर बोल्टच्या दांडीच्या मागच्या बाजूला ठोकलेला असतो. दोन्ही जुळले पाहिजेत. तेव्हा वाटायचं, ही सरकारी शिस्त असेल. आमच्या शाळेत बाकांवरही नंबर टाकलेले असत.

बोल्ट म्हणजे आपल्या भाषेत अडसर. जुन्या वाड्याच्या दाराला आतून लाकडी अडसर सरकवतात ना, तसाच. दांडी वर उचलून मागे ओढली की दार उघडतं आणि रिकामी पुंगळी बाहेर पडते. पुढे ढकलली की मॅगझिनमधलं काडतूस नळीत जातं, आणि दांडी खाली दाबली की दार बंद. ही रचना जेम्स पॅरिस ली या गृहस्थांची. जन्म स्कॉटलंडचा, वाढले कॅनडात आणि पुढे अमेरिकेत कारागिरी केली. लंडनजवळच्या एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यानं तिला आपल्या नळीची जोड दिली, म्हणून नाव ली-एन्फिल्ड. आखूड नळीचा नमुना १९०३ चा, आणि आपल्याकडे सर्वात जास्त दिसलेला मार्क थ्री हा १९०७ चा. कलकत्त्याजवळ ईशापूरच्या कारखान्यात ती स्वातंत्र्याच्या आधीही बनली आणि नंतरही. तिच्या गोळ्या आपल्या पुण्याजवळच्या खडकीत बनत. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. पुंगळीच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरं असत, ती खडकीची.

या बोल्टला दोन खांदे असतात. दांडी खाली दाबली की ते बॉडीतल्या खाचांत जाऊन अडकतात, आणि गोळी सुटताना मागे येणारा सगळा धक्का ते झेलतात. जर्मन माउझर रायफलीत हे खांदे बोल्टच्या पुढच्या टोकाशी असतात. ली यांनी ते मागे ठेवले. त्यामुळे बोल्टला कमी अंतर सरकावं लागतं आणि हात भराभर चालतो. पहिल्या महायुद्धाच्या आधी इंग्रजी शिपायाकडून मिनिटाला नेम धरून पंधरा गोळ्यांची अपेक्षा होती, ती याच बोल्टच्या जोरावर. पण खांदे मागे म्हणजे मधला सगळा बोल्ट दर गोळीला दाबला जातो. हजारो गोळ्यांनंतर खांदे झिजतात, खाचाही झिजतात. आणि दोन्ही एकमेकांना धरून झिजतात.

ज्यांनी जातं वापरलं आहे त्यांना हे लगेच समजेल. जात्याच्या दोन तळ्या वर्षानुवर्षं एकमेकींवर फिरून एकमेकींच्या आकाराच्या झालेल्या असतात. आमच्या आईकडे जात्याला टाकी लावायला बाई यायची. ती दोन्ही तळ्या टाकायची. शेजारच्या घरची वरची तळी आणून आपल्या खालच्या तळीवर ठेवली, तर जातं फिरेलही, पण पीठ कुठे भरड, कुठे बारीक. जात्यात फार तर भाकरी बिघडते. रायफलीत मात्र बोल्टच्या मागे माणसाचा डोळा असतो.

आता त्या विद्यार्थ्याची गोष्ट. नाव लिहीत नाही, कुठे नोकरीला होता तेही लिहीत नाही. मुलगा गरीब घरचा, बाप सालदार. शाळेत अभ्यासात मध्यम, पण धावण्यात पहिला. पोलिसात भरती झाला तेव्हा साऱ्या गावाला आनंद झाला होता. १९९० च्या दशकातली गोष्ट आहे. तो पोळ्याला सुटी घेऊन आला आणि संध्याकाळी माझ्याकडे. एका डोळ्याच्या पापणीचे केस होरपळलेले, गालावर काळे ठिपके. हातात एक मेमो.

वार्षिक गोळीबाराच्या सरावात त्याच्या रायफलीत काडतूस फुटलं होतं. गरम वायू मागे येऊन चेहऱ्यावर बसला. डोळा वाचला, हे नशीब. मेमोत लिहिलं होतं की, शिपायानं ओलं काडतूस निष्काळजीपणे भरल्यामुळे सरकारी शस्त्राचं नुकसान झालं, तरी खुलासा करावा.

"सर, माफी मागतो म्हणून लिहून द्या," तो म्हणाला. "वरून सांगितलं आहे, माफी लिही, प्रकरण मिटेल."

गावात अर्ज, खुलासे लिहून देण्याचं काम माझ्याकडे असायचं. माफीचा मजकूर दहा मिनिटांत झाला असता. पण त्यानं काडतूस कोरडं होतं असं शपथेवर सांगितलं, आणि मला उस्तादांचे शब्द आठवले. मी म्हटलं, आधी हवालदारसाहेबांकडे जाऊ.

हवालदारसाहेब म्हणजे आमच्या गावालगतचे एक निवृत्त फौजी. सैन्याच्या इएमई विभागात त्यांनी आर्मोरर म्हणून नोकरी केली होती, म्हणजे आयुष्यभर हत्यारांची दुरुस्ती. आता ते हयात नाहीत. निवृत्तीनंतर कपाशी आणि तूर यापलीकडे ते फारसं बोलत नसत. त्या दिवशी मात्र ओसरीवर बसून त्यांनी पोराला प्रश्न विचारायला सुरुवात केली, ती एखाद्या डॉक्टरसारखी.

"पुंगळी आडवी फाटली का उभी?"

"आडवी. बुडाजवळ. मागचा तुकडा निघाला, पुढचा नळीतच राह्यला."

"मग ओल्या राउंडचं हे काम नोहे, मास्तर," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "लिहून घ्या."

आणि त्यांनी समजावलं ते असं. गोळी सुटते तेव्हा पितळेची पुंगळी फुगते आणि नळीच्या मागच्या भागाला, म्हणजे चेंबरला, घट्ट चिकटते. तिचं बूड मात्र मागे ढकललं जातं. मागे बोल्टचं डोकं टेकलेलं असेल तर बूड तिथंच थांबतं. पण बोल्ट आणि नळी यांच्यात जागा जास्त असेल तर पुढचा भाग चिकटलेला, मागचा भाग सरकतोय, अशी ओढाताण होऊन पुंगळी बुडाच्या थोडं वर आडवी फाटते. काडतूस ओलं किंवा तेलकट असेल तर पुंगळी चिकटतच नाही, अख्खीच्या अख्खी मागे सरकते. त्यानं बोल्टवर दाब वाढतो, तेही वाईटच. पण ती अशी आडवी फाटत नाही. म्हणजे फाटलेल्या पुंगळीनंच सांगितलं होतं की दोष काडतुसाचा किंवा पोराच्या हाताचा नसून त्या जागेचा आहे.

त्या जागेला हेडस्पेस म्हणतात. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेला काठ असतो. तो बोल्टचं डोकं आणि नळीचं मागचं तोंड यांच्यात बसतो. त्यासाठी किती जागा हवी हे ठरलेलं आहे. कमीत कमी ०.०६४ इंच, जास्तीत जास्त ०.०७४ इंच. मधला फरक दहा थाऊ, म्हणजे पाव मिलिमीटर! आर्मोररकडे दोन पोलादी गेज असतात. ०.०६४ चा घातला तर बोल्ट बंद झाला पाहिजे. ०.०७४ चा घातला तर बंद होता कामा नये. झाला, तर रायफल बाजूला काढायची. डोळ्यानं पाहून हे कळत नाही, बोल्ट कितीही चकचकीत असो.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "बोल्टचा नंबर पाह्यला काय रे?"

पोरानं पाहिला नव्हता. रायफलीचा नंबर त्याला तोंडपाठ होता. बोल्टचा कुणी पाहायला सांगितलाच नव्हता. पण त्यालाच आठवलं की, पावसाळी बंदोबस्तावरून परतल्यावर पाच-सहा रायफली एकाच ताडपत्रीवर खोलून साफ केल्या होत्या. सगळे बोल्ट एका ओळीत ठेवलेले.

हवालदारसाहेबांनी कपाळाला हात लावला.

मी खुलासा लिहिला तो माफीचा नव्हता. पुंगळी बुडालगत आडवी फाटल्याचं नमूद केलं, आणि नम्र विनंती केली की सदर रायफलीच्या बॉडीचा व बोल्टचा नंबर पडताळून, तिची तपासणी आर्मोररकडून गेज लावून व्हावी. बस. कुणावर आरोप नाही. पोरगा घाबरला होता. त्याची आई तर म्हणाली, "माफी लिहिली असती तर काय झालं असतं?" तिचं काही चुकत नव्हतं. नोकरी गेली असती तर सालदारकीशिवाय त्या घरात दुसरं काही नव्हतं. पण माफी लिहिली असती तर त्याच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणा कायमचा लागला असता, आणि ती रायफल दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पोराच्या हातात गेली असती. मी त्या माउलीला हेच सांगितलं. ती गप्प बसली. पुढचे दोन महिने आम्हा सगळ्यांनाच जड गेले.

दिवाळीनंतर निकाल आला. नंबर जुळत नव्हते. त्याचा बोल्ट दुसऱ्या एका रायफलीत आणि तिचा त्याच्या रायफलीत होता. त्याच्या रायफलीत ०.०७४ च्या गेजवर बोल्ट आरामात बंद होत होता. ज्याचा बोल्ट त्याला परत दिल्यावर त्याची रायफल गेजवर पास झाली. मेमो दप्तरी दाखल झाला. पोरानं पेढे आणले, ते मी त्याला आधी हवालदारसाहेबांकडे न्यायला लावले.

दुसरी रायफल मात्र स्वतःच्या बोल्टवरही पास होईना. तिचं काय करतात, हे मी हवालदारसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, झिजलेल्या सगळ्या गोष्टी एका मापाच्या नसतात. पुंगळी ओढणारी आकडी, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, तिची कमान ढिली पडली तर नवी घालता येते. फायरिंग पिनचं टोक झिजलं, गंजलं तर पिन बदलून बाहेर येणारं टोक गेजनं मोजतात. आखूड राहिलं तर बार फुकट जातो. लांब राहिलं तर काडतुसाच्या बुडातली टोपी फाडून वायू मागे येतो. बोल्टचं डोकं आट्यांवर फिरवून सुटं करता येतं. हेडस्पेस थोडं वाढलं असेल तर जरा लांब डोकं निवडून बसवतात. नंतरच्या नंबर चार या नमुन्यात तर ०, १, २, ३ असे आकडे घातलेली चार लांबीची डोकी मिळत. आपल्याकडच्या जुन्या नमुन्याच्या डोक्यांवर असे आकडे नसत. खोक्यातून एकेक बसवून पाहायचं आणि गेज लावायचा. पण खांदेच झिजले आणि एकाच बाजूला टेकायला लागले, तर नुसतं डोकं बदलून भागत नाही. मग नवा बोल्ट काजळी लावून, दोन्ही खांदे सारखे टेकतात की नाही पाहत पाहत बसवावा लागतो, आणि शेवटी त्याच्यावर रायफलीचा नंबर ठोकायचा. बॉडीच्याच खाचा गेल्या असतील तर लिहून टाकायचं, ही रायफल संपली.

"लई लोकायले हे शेवटलंच जमत नाई," ते म्हणाले होते. "अजून एक वर्स चालन, म्हणतात."

हे काम कुणीही घरी किंवा गावच्या लेथवर करायचं नसतं, हेही सांगून ठेवतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो.

'अजून एक वर्ष चालेल' या वाक्यावर थ्री नॉट थ्री आपल्याकडे फार वर्षं चालली. इंग्रजांच्या काळात यातल्याच काही रायफली ईशापूरला .४१० च्या, एका वेळी एकच गोळी घेणाऱ्या मस्केट करून पोलिसांना आणि पहारेकऱ्यांना दिल्या गेल्या. १९६२ नंतर सैन्यात हळूहळू स्वयंचलित भरणारी एसएलआर आली, आणि सैन्यानं सोडलेली थ्री नॉट थ्री पोलीस, होमगार्ड, एनसीसी अशी खाली खाली येत गेली. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला शेवटचा निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० च्या संचलनात.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आपण सगळ्यांनी टीव्हीपुढे काढली. मुंबईच्या सीएसटी स्टेशनवर दोन अतिरेक्यांच्या हाती एके पद्धतीच्या रायफली होत्या, तीस गोळ्यांच्या मॅगझिनच्या. समोरच्या काही पोलिसांच्या हाती थ्री नॉट थ्री होती. दहा गोळ्यांचं मॅगझिन, आणि दर गोळीला बोल्ट मागे-पुढे. काहींच्या हाती तर फक्त काठी. स्टेशनात पन्नासहून अधिक माणसं गेली. त्यानंतरच्या दिवसांत लोक चहाच्या टपरीवर म्हणायचे, पोलिसांच्या बंदुका गंजलेल्या होत्या. मला तेव्हा हवालदारसाहेबांची आठवण झाली. त्या रायफली गेजवर पास असत्या, बोल्टचे नंबर जुळलेले असते, तरीही त्या रात्री फार फरक पडला नसता. झीज वेगळी आणि काळ उलटून जाणं वेगळं. झिजलेल्याला काही अंशी दुरुस्ती आहे. काळ उलटलेल्याला नाही, ते बदलावंच लागतं. २००९ साली महाराष्ट्रानं फोर्स वन उभं केलं, नवी हत्यारं दिली. पण तोवर त्या जुन्या लाकडी रायफली घेऊन जे पोलीस समोर उभे राहिले, त्यांच्या हिमतीला कुणी गंजलेली म्हणू नये, एवढंच मला वाटतं. माझ्या विद्यार्थ्यासारखेच कुणाकुणाचे विद्यार्थी होते ते.

मोडीत निघालेल्या सगळ्याच रायफली भट्टीत जात नाहीत. काहींच्या चेंबरला आरपार भोक पाडतात, फायरिंग पिनचं टोक कापतात आणि वर 'डीपी' अशी अक्षरं ठोकतात. डीपी म्हणजे ड्रिल परपज, नुसत्या कवायतीसाठी. एनसीसीत आम्ही खांद्यावर घेतलेल्या बऱ्याच रायफली अशाच होत्या. 'भर', 'खाली कर' हे सगळं त्यांच्यावर शिकलो. त्या गोळी झाडू शकत नव्हत्या, पण शिकवत होत्या. आता पंच्याहत्तरीत मलाही कधी कधी वाटतं, आपणही डीपीच झालो आहोत! असो.

माझा तो विद्यार्थी पूर्ण नोकरी करून सन्मानानं निवृत्त झाला. डोळे शाबूत आहेत. मध्यंतरी भेटला तेव्हा सांगत होता की नव्या भरतीच्या पोरांना तो शेवटपर्यंत एकच गोष्ट आधी शिकवायचा. हत्यार साफ करताना एका वेळी एकच खोलायचं, आणि जोडण्याआधी दोन्ही नंबर मोठ्यानं वाचायचे.

तुमच्यापैकी जे एनसीसीत होते, त्यांना आपल्या रायफलीचा नंबर आठवतो का? मला माझ्या रायफलीचे शेवटचे तीन आकडे अजून आठवतात.